व्हिडिओ गेममधील क्रिकेट आणि मैदानावरील भोंगा : समालोचनाच्या मराठीविषयी काही विचार

१

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या दिशेने जाताना लागणारे तेल्हारा हे तालुक्याचे गाव. भोवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा. वेचणी आटोपून शेते मोकळी झाली, की वऱ्हाडातील इतर तालुक्यांच्या गावांप्रमाणे येथेही टेनिस चेंडूच्या क्रिकेट सामन्यांचे दिवस येतात. मैदानाच्या कडेला कापडी मांडव, त्यात एक टेबल, टेबलावर धावांची वही, खांबाला बांधलेला भोंगा आणि त्या भोंग्यातून दिवसभर अखंड चाललेले समालोचन, हे अशा सामन्यांचे नेहमीचे दृश्य होय. सामना खेळणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या खिशात मोबाइल असतो, आणि त्यात बहुधा क्रिकेटचा एखादा व्हिडिओ गेमही असतो. दिवसा मैदानावर खेळलेला तरुण रात्री तोच खेळ हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर खेळतो.

अशा तरुणाच्या कानी एकाच दिवसात दोन समालोचने पडतात. मैदानावरील समालोचक हा गावचाच कोणी हौशी माणूस असतो. त्याच्या बोलण्यात चुका असतात, हिंदी व इंग्रजी शब्दांची सरमिसळ असते, कधी कधी धावसंख्याही चुकते. पडद्यावरील समालोचक हा नामांकित खेळाडू असतो आणि त्याचे प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रणगृहात निर्दोषपणे नोंदविलेले असते. असे असूनही मैदानावरील समालोचन अंगावर रोमांच उभे करते, आणि पडद्यावरील समालोचन पाचसात सामन्यांनंतर आवाज बंद करून टाकावेसे वाटते. हे असे का व्हावे, हा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करण्याजोगा प्रश्न आहे. व्हिडिओ गेममधील क्रिकेट अधिक खरे वाटावे यासाठी आजवर जे प्रयत्न झाले ते मुख्यतः चित्र आणि गती यांच्या अंगाने झाले. 'वातावरण' ही मात्र पुष्कळ अंशी भाषेने निर्माण होणारी गोष्ट आहे, आणि तिचा योग्य आदर्श दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणापेक्षा तेल्हाऱ्यासारख्या गावच्या भोंग्यात सापडण्याचा संभव अधिक आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२

प्रथम 'वास्तवाभास' आणि 'वातावरण' या दोन संकल्पना परस्परांपासून वेगळ्या केल्या पाहिजेत. चेंडूचा वेग, त्याची फिरकी, खेळपट्टीवरून घेतलेली उसळी, बॅटचा कोणता भाग चेंडूला लागला यावरून ठरणारी दिशा, या गोष्टी गणिताने सोडविता येतात. प्रत्यक्ष खेळाडूंच्या अंगावर खुणा लावून त्यांच्या हालचाली टिपणे व त्या पडद्यावरील आकृतींना देणे, हे तंत्रही आता जुने झाले आहे. या सर्वांतून जो भास निर्माण होतो त्याला वास्तवाभास म्हणता येईल. डोळ्यांना 'हे खरे क्रिकेट आहे' असे वाटणे, एवढा त्याचा अर्थ.

वातावरण ही याहून निराळी गोष्ट होय. आपण एका प्रसंगात इतर माणसांसह उपस्थित आहोत, या प्रसंगाला मागचे काही घडून गेलेले आहे आणि पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही, ही जाणीव म्हणजे वातावरण. ही जाणीव मुख्यतः कानांवाटे येते. याचे एक बोलके उदाहरण २०२० सालच्या साथीच्या काळात मिळाले. त्या वर्षी आयपीएलचे सामने संयुक्त अरब अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाले. चित्र पूर्णपणे खरे होते; खेळाडू खरे, चेंडू खरा. तरीही प्रक्षेपणात प्रेक्षकांच्या गलबल्याचे ध्वनिमुद्रण मिसळावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडमधील फुटबॉल सामन्यांच्या प्रक्षेपणासाठी तर प्रेक्षकांचा आवाज एका व्हिडिओ गेमच्या ध्वनिसंग्रहातून घेण्यात आला. वास्तवाची नक्कल करणाऱ्या खेळाकडून प्रत्यक्ष वास्तवाने वातावरण उसने घ्यावे, ही घटना लक्षणीय आहे. चित्र खरे असले म्हणजे वातावरण आपोआप उत्पन्न होते असे नाही, हे तीवरून सिद्ध होते.

प्रेक्षकांचा गलबला हा वातावरणाचा एक घटक. समालोचन हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा. गलबला केवळ 'माणसे आहेत' एवढेच सांगतो. समालोचन त्या प्रसंगाला अर्थ देते.

३

समालोचन ही एकच भाषिक कृती आहे असे सामान्यतः मानले जाते. ते बरोबर नाही. वक्ता कोणाशी बोलतो आणि ऐकणारा काय पाहत असतो, यांवरून समालोचनाचे किमान चार प्रकार होतात.

पहिला प्रकार नभोवाणीचा. येथे श्रोत्याला काहीच दिसत नाही. भारतात या प्रकाराची सुरुवात ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या इंग्रजी समालोचनाने १९३० नंतरच्या दशकात मुंबईत झाली. मराठीत बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून तो रुजविला. या प्रकारात प्रत्येक गोष्ट शब्दांनी उभी करावी लागते, त्यामुळे वाक्ये वर्णनपर व सलग असतात. दुसरा प्रकार दूरचित्रवाणीचा. येथे श्रोत्याला सर्व दिसत असते, म्हणून समालोचक वर्णन कमी आणि भाष्य अधिक करतो. प्रसंगी गप्पही राहतो. मराठीत हा प्रकार उशिरा वाढला. २०२३ साली आयपीएलचे मोबाइलवरील प्रक्षेपण ज्या बारा भाषांतील समालोचनासह झाले त्यांत मराठीचा समावेश होता.

तिसरा प्रकार भोंग्याचा. येथे ऐकणारे मैदानाभोवती बसलेले असतात व त्यांनाही सर्व दिसत असते. परंतु या प्रकाराचे एक वैशिष्ट्य असे की समालोचन प्रेक्षकांबरोबर स्वतः खेळाडूंनाही ऐकू येते. फलंदाज यष्टीपुढे उभा असताना त्याच्याविषयी जे बोलले जाते ते त्याच्या कानी पडत असते. म्हणूनच भोंग्यावरील समालोचक तृतीय पुरुषातून द्वितीय पुरुषात सहज उतरतो. 'दोन चेंडू वाया गेले आहेत' असे प्रेक्षकांना सांगता सांगता तो 'घाई करू नको भाऊ, अजून तीन षटके बाकी आहेत' असे थेट फलंदाजाला सांगतो. क्षेत्ररक्षकाने झेल सोडला की त्याची थट्टा होते, आणि ती त्याला ऐकू जावी अशीच अपेक्षा असते.

चौथा प्रकार व्हिडिओ गेमचा. या प्रकारात ऐकणारा कोण असतो? तो प्रेक्षक नसतो. तोच फलंदाज असतो, तोच गोलंदाज असतो, आणि समालोचन त्याच्याच कृतीविषयी चाललेले असते. म्हणजे वक्ता आणि श्रोता यांचे येथील नाते नभोवाणीचे नाही व दूरचित्रवाणीचेही नाही. ते भोंग्याचे आहे. असे असता खेळ तयार करणाऱ्यांनी आदर्श निवडला तो दूरचित्रवाणीचा. 'ब्रायन लारा क्रिकेट ९९' या खेळात जोनाथन ॲग्न्यू व जेफ्री बॉयकॉट यांचे आवाज होते; २००६ च्या अखेरीस निघालेल्या व भारतात अतिशय लोकप्रिय झालेल्या 'क्रिकेट ०७' मध्ये रिची बेनॉ व मार्क निकोलस यांचे. चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह मल्टिमीडियाच्या 'वर्ल्ड क्रिकेट चँपियनशिप ३' मध्ये मॅथ्यू हेडन, इसा गुहा आणि आकाश चोप्रा यांचे आवाज घेतले आहेत. हे सर्व प्रक्षेपणातील परिचित आवाज आहेत. त्यांच्यामुळे खेळ 'दूरदर्शनवर दिसतो तसा' वाटतो, हे खरे. परंतु खेळणाऱ्याला आपण मैदानात आहोत असे वाटण्याऐवजी आपण कोणा दुसऱ्याचा सामना पाहत आहोत असे वाटू लागते. पडद्यावरील समालोचन लवकर कंटाळवाणे होण्याचे पहिले कारण हे आहे.

४

दुसरे कारण या समालोचनाच्या रचनेत आहे. त्याची पद्धती थोडक्यात अशी. खेळात जी घटना घडते तिला यंत्र एक खूण देते: चौकार, निर्धाव चेंडू, झेल, पायचीतचे अपील इत्यादी. प्रत्येक खुणेसाठी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या वाक्यांचा एक गट असतो. त्यातून एक वाक्य निवडले जाते व रिकाम्या जागी खेळाडूचे नाव किंवा धावसंख्या जोडली जाते. समजा, चौकारासाठी दहा वाक्ये नोंदविलेली आहेत आणि वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डावांत मिळून तीस चौकार गेले. म्हणजे एकाच सामन्यात प्रत्येक वाक्य सरासरीने तीनदा ऐकू येणार, आणि दहा सामन्यांत तीस वेळा. वाक्यांची संख्या दुप्पट केल्याने हा दोष लांबणीवर पडतो, दूर होत नाही.

मैदानावरील समालोचकाची शब्दसंपत्ती दहा वाक्यांहून फार मोठी असते असे नव्हे. तोही 'काय फटका मारला' हेच पुनःपुन्हा म्हणतो. तरीही त्याचे बोलणे शिळे होत नाही, याचे कारण त्याच्या प्रत्येक वाक्याला मागच्या घटनेची स्मृती असते. ही स्मृती मराठीत मोठ्या वाक्यांनी व्यक्त होत नाही; ती फार लहान शब्दांवर सोपविलेली असते. पुढील चार वाक्ये नमुन्यादाखल पाहावीत: 'चौकार!', 'हाही चौकार!', 'चौकारच!', 'हा तर चौकार!' पहिल्या वाक्याला मागचा संदर्भ नाही. दुसऱ्यातील 'ही' आधीचा चौकार गृहीत धरतो. तिसऱ्यातील 'च' मध्ये चेंडू अडविला जाईल की काय ही शंका होती व ती फिटली, असे सूचित होते. चौथ्यातील 'तर' ने या चेंडूची आधीच्या चेंडूशी तुलना केली आहे. यंत्राजवळ मागच्या सहा चेंडूंची नोंद असतेच. धावफलक तिच्यावरच चालतो. ती नोंद या अव्ययांशी जोडली, तर थोड्याच वाक्यांतून स्मृती असलेले समालोचन निर्माण करता येईल. मराठीच्या ठिकाणी असलेली ही सोय खेळ रचणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरे कारण अनिश्चिततेशी संबंधित आहे. चेंडू बॅटला लागला की त्याचा पुढील मार्ग यंत्राला बहुतांशी गणिताने काढता येतो. तो सीमेपलीकडे पडणार की अलीकडे, हे यंत्राला चेंडू हवेत असतानाच ठाऊक असते. समालोचकाला ते ठाऊक नसते, आणि वातावरण उत्पन्न होते ते त्याच्या या अज्ञानातून. येथे मराठी क्रियापदाचा एक विशेष उपयोगी पडतो. मराठीतील '-ला' प्रत्ययान्त रूप पूर्ण झालेल्या क्रियेचे वाचक आहे असे व्याकरणे सांगतात. परंतु बोलण्यात ते घडू घातलेल्या क्रियेसाठीही येते. कोणी हाक मारली असता जागेवरूनच 'आलो' असे म्हटले जाते. भिंतीवर चढलेले मूल तोल सावरीत असताना 'पडला, पडला!' असे ओरडतात, आणि पुष्कळदा ते पडत नाही. समालोचकाचे 'गेला... गेला...' हे याच जातीचे आहे. चेंडू हवेत असताना लांबविलेल्या स्वराने उच्चारलेले 'गेला' हे अपेक्षा दर्शविते. सीमेपार पडल्यावर आखूड व उतरत्या स्वरात उच्चारलेले 'गेला!' हे सिद्धी दर्शविते. शब्द एकच, कार्ये दोन, आणि भेद केवळ स्वराचा. ध्वनिमुद्रणाच्या वेळी हा शब्द एकदाच नोंदविला तर या दोहोंपैकी एक कार्य बिघडल्याशिवाय राहणार नाही.

५

इंग्रजी समालोचनासाठी बसविलेल्या यंत्रणेत मराठी वाक्ये तशीच भरता येणार नाहीत, हे येथपर्यंतच्या विवेचनावरून दिसून येईल. ही अडचण विशेषनाम, संख्या आणि लिंगवचन या तीन ठिकाणी सर्वांत अधिक जाणवते.

इंग्रजीत खेळाडूचे नाव एकदा नोंदविले की ते वाक्यात बहुधा कोठेही बसविता येते. मराठीत नावाला विभक्तिप्रत्यय लागतो आणि तो उच्चारात नावापासून वेगळा काढता येत नाही. 'ने', 'ला', 'चा' हे प्रत्यय निराळे नोंदवून नावामागे जोडले, तर मध्ये पडणाऱ्या किंचित विरामाने वाक्य यांत्रिक वाटते. शिवाय नावाचे सामान्यरूप होते की नाही, हा प्रश्न राहतोच. आकारान्त ग्रामनामांचे ते होते: तेल्हारा, पण तेल्हाऱ्याचा, अकोला, पण अकोल्याचा. आकारान्त आडनावांचे ते होत नाही: विदर्भाकडून खेळलेले अमरावतीचे जितेश शर्मा यांच्याविषयी 'शर्माने' असेच म्हटले जाईल. अकोल्याचे अथर्व तायडे यांच्या आडनावाचे एकवचनी रूप 'तायडेने' असे होईल. आदरार्थी बहुवचनात मात्र जुन्या वळणाचा वक्ता 'तायड्यांनी' म्हणेल आणि नव्या वळणाचा 'तायडेंनी'. अमरावतीचे 'अमरावतीत' होते, तर बाळापूरचे 'बाळापुरात' होताना मधला स्वर ऱ्हस्व होतो. हे नियम न पाळणाऱ्या यंत्राने 'तेल्हाराचा संघ' असा उच्चार केला, तर तेल्हाऱ्यातील लहान मूलही हसेल. दहा संघ व प्रत्येकी पंधरा खेळाडू धरले, तर इंग्रजीसाठी दीडशे नावे नोंदविल्याने भागेल; मराठीत मूळ नाव आणि तीन विभक्तिरूपे मिळून प्रत्येकी चार, म्हणजे सहाशे नोंदी लागतील.

संख्यांची स्थिती याहूनही विलक्षण आहे. इंग्रजीत शून्य ते वीस, तीस ते नव्वदपर्यंतची दशके, 'शंभर' व 'आणि' यांचे वाचक शब्द, अशा तीस नोंदींतून हजाराच्या आतील कोणतीही धावसंख्या जुळविता येते. मराठीत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतचे शंभरही शब्द स्वतंत्र आहेत. 'सत्तेचाळीस' हा शब्द 'चाळीस' आणि 'सात' जोडून मिळत नाही. त्यांत 'शंभर' आणि 'एकशे' ते 'नऊशे' हे दहा मिळविले की एकशेदहा नोंदी होतात. वाक्यारंभी, वाक्यामध्ये व वाक्यान्ती संख्येचा स्वर वेगळा असल्यामुळे त्या तिप्पट कराव्या लागतील. धावसंख्या सांगण्याचा क्रमही ध्यानात ठेवला पाहिजे. 'चार बाद एकशे सत्त्याऐंशी' ही मराठीची रूढ रचना आहे. तीत बळी आधी व धावा नंतर येतात.

लिंगवचनाचा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापद मराठीत कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणून 'चौकार मारला', 'धाव घेतली', 'दोन धावा घेतल्या', 'षटक टाकले' अशी निरनिराळी रूपे होतात. त्यात समालोचनाच्या मराठीत देशी पारिभाषिक शब्द आणि इंग्रजीतून आलेला शब्द शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचे लिंग पुष्कळदा भिन्न असते. षटक 'संपले', पण ओव्हर 'संपली'. बळी 'घेतला', पण विकेट 'घेतली'. धावा 'काढल्या', पण रन 'काढले'. एकाच साच्यात कधी हा, कधी तो शब्द टाकून विविधता आणण्याची युक्ती मराठीत क्रियापद बदलल्याशिवाय साधणार नाही. महिलांचे संघ 'ॲशेस क्रिकेट' सारख्या खेळांतून २०१७ पासून येऊ लागले आहेत. त्यांच्या सामन्यात 'धावत आली', 'बाद झाली' ही अकर्मक रूपे निराळी नोंदवावी लागतील. 'चौकार मारला' मात्र तसेच राहील, कारण तेथे क्रियापद कर्माशी बांधलेले आहे.

६

वाणीच्या कृत्रिम निर्मितीचे तंत्र आता पुढे गेले आहे. तुकडे जोडण्याऐवजी संपूर्ण वाक्य यंत्राकडून बोलविता येते, आणि भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'भाषिणी' सारख्या योजनांनी मराठीलाही त्यात स्थान दिले आहे. त्यामुळे वर वर्णिलेल्या अडचणींपैकी पुष्कळशा यथावकाश दूर होतील, असे मानण्यास हरकत नाही. परंतु यंत्राला मराठी बोलता आले म्हणजे समालोचन करता आले असे होत नाही. कोणती मराठी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मराठीत क्रिकेटची परिभाषा समृद्ध आहे. त्रिफळाचीत, यष्टिचीत, पायचीत, धावचीत हे शब्द पाहावेत. त्यांतील 'चीत' हा कुस्तीच्या आखाड्यातून आला आहे, आणि तीन यष्ट्यांना 'त्रिफळा' म्हणण्यात घरगुती औषधाची आठवण आहे. परका खेळ ओळखीच्या जगात आणून बसविण्याची ही रीत अस्सल देशी आहे. परंतु ही परिभाषा वृत्तपत्राची आणि नभोवाणीची. भोंग्यावरचा समालोचक तिच्याबरोबर बोलीचाही उपयोग करतो. धावसंख्या, नाणेफेकीचा निकाल, पारितोषिकाची रक्कम सांगताना तो प्रमाण मराठीकडे वळतो. थट्टा, हळहळ, उत्तेजन यांसाठी वऱ्हाडीकडे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीच्या ज्या लकबी नोंदविल्या आहेत, त्यांतील चतुर्थीचा '-ले' प्रत्यय आजही मैदानावर ऐकू येतो. 'त्याले बॉल दिसलाच नाई' हे वाक्य प्रमाण मराठीत 'त्याला चेंडू दिसलाच नाही' असे होईल. अर्थ तोच राहील, प्रसंग मात्र निघून जाईल. 'खेळला' चा 'खेयला' होणे, 'का' ऐवजी 'काहून' येणे, 'बाप्पा' हा उद्गार, 'लेका' हे सलगीचे संबोधन, यांतून बोलणारा व ऐकणारा एकाच गावचे आहेत हे दर वाक्याला सिद्ध होत असते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. नाटक-चित्रपटांत वऱ्हाडी पुष्कळदा केवळ हशा पिकविण्यासाठी वापरली गेली आहे. खेळातील समालोचकाच्या तोंडी सरसकट वऱ्हाडी घातली, तर त्याचेही विडंबन होईल. प्रत्यक्ष मैदानावर प्रमाण मराठी आणि बोली यांची वाटणी प्रसंगानुसार झालेली असते, आणि वातावरण निर्माण होते ते या दोहोंमधील ये-जा ऐकून. शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असताना समालोचक एकाएकी बोली सोडून गंभीर प्रमाण मराठीत बोलू लागला, तर त्यानेच ताण वाढतो. ही ये-जा नेमकी कोठे होते, हे नियमाने सांगता आले तरच यंत्राला शिकविता येईल.

द्वितीय पुरुषातील संबोधनाचा प्रश्नही भोंग्याच्या आदर्शाने सुटण्यासारखा आहे. खेळणाऱ्याचे नाव यंत्राला केवळ टंकलेल्या अक्षरांच्या रूपात ठाऊक असते, आणि ते बिनचूक उच्चारता येईल याची खात्री नसते. इंग्रजी समालोचन या ठिकाणी अडते. मराठीत नावावाचून हाक मारण्याची सोय आहे. अनोळखी माणसालाही 'भाऊ', 'दादा', 'ताई' म्हणता येते, आणि त्यात परकेपणा नसतो. 'सांभाळून, भाऊ' एवढे दोन शब्द योग्य क्षणी आले, तर खेळणारा प्रेक्षक न राहता मैदानात उभा राहतो.

७

हे सर्व करण्यासाठी लागणारी सामग्री कोठे आहे, हा शेवटचा प्रश्न. दूरचित्रवाणीवरील समालोचनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असते. भोंग्यावरील समालोचन मात्र सामना संपला की हवेत विरून जाते. कोणी मोबाइलवर एखादा तुकडा टिपला तरी तो षटकारासाठी टिपलेला असतो, बोलण्यासाठी नव्हे. वऱ्हाडातील तालुक्यातालुक्यांत मराठीची एक जिवंत, वेगवान, प्रसंगनिष्ठ शैली दर हंगामात तयार होते आणि दर हंगामात नष्ट होते. यंत्रे मराठी शिकत असलेल्या या काळात त्यांना जी मराठी मिळेल तीच ती बोलतील. वृत्तपत्रांची भाषा मिळाली तर वृत्तपत्रासारखी, भाषांतराची मिळाली तर भाषांतरासारखी. आणि खेळ खेळणारे मूल ती भाषा दिवसाकाठी तासन् तास ऐकणार आहे. 'तेल्हाराचा' हा उच्चार त्याच्या कानाला पहिल्यांदा खटकेल, शंभराव्या वेळी खटकणार नाही.

म्हणून हे काम खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांइतकेच भाषेच्या विभागांचेही आहे. एका हंगामात तेल्हारा, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर अशा चारपाच ठिकाणच्या सामन्यांचे समालोचन आरंभापासून अखेरपर्यंत, समालोचकांच्या अनुमतीने, ध्वनिमुद्रित करावे. प्रत्येक उद्गाराबरोबर त्या क्षणी मैदानावर काय घडत होते याची नोंद ठेवावी. आणि प्रमाण व बोली, द्वितीय व तृतीय पुरुष, चढता व उतरता स्वर यांच्या खुणा लावाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाला वर्षभरात हे करता येईल. त्यासाठी मोबाइल व वही यांपलीकडे फारशी साधने लागणार नाहीत.

वऱ्हाडाला या कामाची परंपरा नवी नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटाने रिद्धपूरच्या परिसरात चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन मिळविल्या. प्रसंग कोणता, स्थळ कोणते, बोलणे काय झाले, हे ऐकले तसे टिपण्याचा प्रयत्न केला, आणि निरनिराळ्यांच्या सांगण्यात फरक पडला तेथे तोही नोंदविला. 'लीळाचरित्र' या मराठीतील आद्य गद्यग्रंथात बोलीचा जो जिवंतपणा आहे तो या पद्धतीतून आला आहे. त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. विषयांच्या थोरवीत अंतर कितीही असो, प्रसंगासह बोलणे टिपण्याची पद्धती तीच आहे. पुढल्या हंगामात मांडवातील टेबलाशी, धावांच्या वहीशेजारी, आणखी एक वही उघडलेली असावी, एवढ्यावरून या कामाला आरंभ होऊ शकेल.